डाव्या बाजूचा आवाज

४ नोव्हेंबर, सोमवार

सुभेदार हिंदुराव शिंदे आपला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पुन्हा आले. महिन्यात दुसऱ्यांदा. दिल्लीच्या पार त्या टोकाहून, पालमहून आमच्या मुनिरक्यापर्यंत हे पंधरा किलोचं धूड रिक्षात मांडीवर धरून आणतात, त्यामुळे दारात तोंडावर काही बोलवत नाही. म्हणून इथे लिहिते. हा माणूस किरकिऱ्या आहे.

पलटणीच्या बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं कॉर्नेट वाजवलं, शेवटी बँडमास्तर झाले. निवृत्त होताना कुणा कर्नलसाहेबांनी हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बक्षीस दिला. आठ व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, चार लहान, चार मोठे, तापले की केशरी दिसतात. सुभेदार त्यावर जुन्या रेकॉर्डी लावतात. गेल्या महिन्यात त्यांची तक्रार होती म्हणून मी पुढचा एक लहान व्हॉल्व्ह बदलून दिला होता, माझ्या डब्यातला, तपासून ठेवलेला.

"म्याडम, टिंग अजून हाय," म्हणाले. "गान्याला जोर आला की मागनं टिंग. पितळी वाटीला नख लागल्यागत."

मी लावून ऐकला. टिंग नाही नि बिंग नाही. पण डावीकडून बारीक घूं आवाज येत होता, अगदी स्पष्ट, आणि त्याबद्दल हे अवाक्षर बोलले नव्हते. मी दाखवून दिलं, तर डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मला न्हाई येत, म्याडम." बँडमास्तर म्हणे!

पंधरा डिसेंबरला ते आणि त्यांच्या मिसेस कायमचे गावी चालले आहेत, कोरेगावकडे. त्याआधी अ‍ॅम्प हवा. म्हटलं, देते.

संध्याकाळी गुरुग्रामहून अनिशचा फोन. मागच्या वसंत कुंजच्या गिऱ्हाइकानं नेटवर लिहिलंय की मॅडमनी काम नीट केलं नाही. "आई, यार, आता पुढची एक जरी तक्रार आली ना, तर हे टेबल बंद. बिल्कुल बंद. सोल्डरचा धूर, हाय व्होल्टेज, तुझं वय चौसष्ट. प्रॉमिस कर." मी फोन ठेवला. फोन ठेवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, हे इथे नोंदवून ठेवते.

सरकारी रेडिओच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं काढली मी. पुरुष इंजिनिअर मीटर शोधत असायचे तोवर मी नुसत्या कानानं सांगायचे की कुठली नळी गेली. हे बाल्कनीतलं टेबल काढून घेतलं तर मी उरते काय? अनिशची आई आणि दिलीपची बायको. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्या मला पुरत नाहीत.

५ नोव्हेंबर

कामाला लागले. पद्धत साधी आहे. डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे लावायचा, उजवीकडचा डावीकडे. आवाज त्याच्याबरोबर उजवीकडे गेला तर व्हॉल्व्ह खराब. जागचा हलला नाही तर दोष मागच्या जोडणीत. ज्याच्याबरोबर आवाज हलतो, दोष त्याचा. कंट्रोल रूममध्ये नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच पाठ करायला लावायचे.

चारही लहान व्हॉल्व्ह आलटून पालटून लावले. घूं डावीकडेच. मोठे बदलले. डावीकडेच. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, डाव्या चॅनेलचे कंडेन्सर गेले असणार.

७ नोव्हेंबर

कुकरची शिट्टी पुन्हा होईना. डाळ करपली. गास्केट दिवाळीआधीच बदललं होतं, आज तिसरं आणलं. दिलीप म्हणाला, शिट्टी झाली होती, चार झाल्या. म्हटलं, मग उठून गॅस बंद का केला नाहीस? तर नुसता हसला. सत्तरीला आलेला माणूस, अकाउंट्समधून रिटायर झाल्यापासून तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय लागली आहे त्याला. धड एक वाक्य ऐकू येईल तर शपथ.

हल्ली फिरायला जाताना माझ्या उजव्या बाजूनं चालायचं वेड घेतलंय. डावीकडे रिकामा फुटपाथ असला तरी.

११ नोव्हेंबर, सोमवार

डावीकडचे सगळे कंडेन्सर बदलले. घूं तशीच.

चार वाजता लाइट गेली. अ‍ॅम्प बंद पडला तरी मला आवाज येत राहिला, चांगलं अर्धं मिनिट. कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक राहतो, त्यामुळे असं होतं. नवे कंडेन्सर चांगल्या प्रतीचे निघाले म्हणायचे.

१४ नोव्हेंबर

हवा इतकी वाईट आहे की समोरची इमारत दिसत नाही. प्युरिफायर दिवसरात्र चालू. त्याचीही घूं, फ्रिजचीही घूं. या शहरात शांतता म्हणून मिळत नाही.

स्पीकरची अदलाबदल केली. आवाज डावीकडेच. आता मात्र मला कोडं पडलं. व्हॉल्व्ह नाही, कंडेन्सर नाही, स्पीकर नाही. मग डाव्या भिंतीचा विचार सुचला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर आहे! जाऊन त्यांना तो बंद करायला लावला. त्यांनी केला बिचाऱ्यांनी. फरक शून्य, पण इन्व्हर्टर जुना आहे, बंद असूनही त्रास देत असेल.

दिलीप म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." हे मात्र खणखणीत ऐकू आलं. बरोबर उजव्या बाजूला बसून बोलला मेला.

१७ नोव्हेंबर, रविवार

अ‍ॅम्प अनिशच्या घरी नेला. तिथली वायरिंग नवी, वीज वेगळी, इन्व्हर्टरवाले शेजारी नाहीत. लावला. घूं! डावीकडून! म्हणजे गुरुग्रामची वीजही तसलीच.

अनिश, त्याची बायको रेवती आणि दिलीप, तिघांनाही विचारलं. तिघांचंही एकच उत्तर, आम्हाला काही ऐकू येत नाही. आधी ठरवून आले असावेत. रेवतीनं एक रेकॉर्ड लावायला सांगितली आणि मधेच म्हणाली, "आई, हे टिंग टिंग काय आहे मागे?" मी म्हटलं, रेकॉर्डवर ओरखडा असेल. या मुलीला संगीताचं काही कळत नाही, पण मनानं चांगली आहे. निघताना दारात हळूच म्हणाली, "तुम्ही एकदा चेकअप करून घ्या ना." म्हटलं, चेकअपच तर चाललंय दोन आठवडे, अ‍ॅम्पचं.

अनिश गाडीत घालून परत सोडायला आला. सबंध रस्ताभर बोलत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. गुरुग्रामला बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी उत्तर देत नसते.

२० नोव्हेंबर

त्या घूंचा नाद सोडला. पण जाऊ देताना हात आखडता घ्यायचा नाही, म्हणून पुढचा दुसराही लहान व्हॉल्व्ह माझ्या डब्यातला घातला, एकदम सरस. डब्यावर माझ्या हातानं लिहिलेलं आहे, 'ऐकून पास'. सुभेदार येऊन घेऊन गेले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तिसऱ्यांदा आले! आणि आज मिसेसना घेऊन. कृष्णाबाई म्हणजे पाच फुटांची तोफ. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भंगारात टाका म्हनते मी. गावाकडं न्यायला जागा न्हाई. ह्यांचं आपलं एकच, ताईंच्या हाताला गुन हाय."

सुभेदार म्हणाले, "म्याडम, रागावू नका. पर आता आधीपेक्षा जास्त वाजतंय. दोन्ही बाजूंनी."

मी लावला, आवाज वाढवला. टिंग नाहीच. घूं आहे. माझं डोकं फिरलं. तीन आठवडे मी या एका डब्यामागे घालवले आणि हा माणूस नसलेला आवाज ऐकतो नि असलेला ऐकत नाही. म्हटलं, "सुभेदारसाहेब, वय झालं की कानात आवाज येतात. एकदा कान तपासून घ्या."

त्यांनी अ‍ॅम्पवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "आसंल." अ‍ॅम्प टेबलावर तसाच ठेवून दोघं गेली. कृष्णाबाईंनी जिन्यावरून मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की मीच दार लोटलं.

दिलीपनं चहा केला, कप समोर ठेवला आणि आत निघून गेला. एवढं काय बोलले मी? खरं तेच बोलले.

२६ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी टेबलावर बसले. काय काय बदलून पाहिलं त्याची यादी केली. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, वायरी, स्पीकर, वीज, घर, गाव. सगळं बदललं आणि आवाज डावीकडेच. यादीत न बदललेली एकच गोष्ट राहिली होती. मी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले.

आता डावा स्पीकर माझ्या उजव्या हाताला आला. आवाज उजवीकडून यायला हवा होता. तो डावीकडूनच आला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आवाज आला. बाथरूमचं दार लावून घेतलं, तिथेही आला. तिथे ना अ‍ॅम्प, ना फ्रिज, ना शेजारी. जिथे जाईन तिथे डावीकडे, माझ्याबरोबर.

ज्याच्याबरोबर आवाज हलतो, दोष त्याचा. नियम माझाच आहे.

बराच वेळ बाथरूममध्ये उभी होते. रडले. रडण्याचा आवाजही एकाच बाजूनं येत होता असं वाटलं आणि त्याचा इतका राग आला की नळ सोडून तोंड धुतलं नि बाहेर आले.

२९ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत होते, पण मधे बराच वेळ आवाजच नव्हता. कागदावर दोन रेघा काढून दिल्या. एक जरा बरी, दुसरी डोंगर उतरल्यासारखी खाली. वरच्या पट्टीचे बारीक आवाज दोन्ही कानांनी गेलेत, डावा तर जवळजवळ संपलाय आणि स्वतःच घूं घूं करतो. "आंटीजी, इस उम्र में होता है," म्हणाला. तिशीचा पोरगा. त्याच्या उमरीत मी काय काय ऐकत होते ते त्याला सांगणार होते, पण दिलीपनं हात दाबला.

घरी आल्यावर दिलीपला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, "दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तीनदा. तुला ऐकू आलं नाही."

मी रागानं दोन तास बाल्कनीत जाऊन बसले. मग एकदम लक्षात आलं, हा उजवीकडून का चालतो ते. तरीही राग गेला नाही. आणि राग त्याच्यावर नव्हताच.

१ डिसेंबर, रविवार

अनिश आला. कागद बघितला. माझ्याजवळ बसला, उजवीकडे. म्हणजे दिलीपनं त्यालाही आता सांगून ठेवलंय. "आई, बस ना आता. खूप केलंस. हिअरिंग एड घेऊ, मस्त आराम कर. तू कानावर काम करायचीस, आता कानच..." वाक्य पुरं केलं नाही त्यानं.

मी म्हटलं, कान गेलेत. हात आहेत. डोकं आहे. सोल्डर अजून एका दमात बसतं. कुठल्या नियमात लिहिलंय की ऐकणारा नि दुरुस्त करणारा एकच असला पाहिजे?

"पण चलो, मग अ‍ॅम्पचा आवाज कोण सांगणार तुला?"

 मी उठून भांडी घासायला घेतली, जोरजोरात. यंत्र घेईन, नाही म्हणत नाही. पण टेबल हलणार नाही.

३ डिसेंबर

सुभेदारांना फोन केला. म्हटलं, अ‍ॅम्प इथे आहे, तुम्ही या, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते तुम्हाला नाही, मला लागू होतं.

दुपारी आले. एकटेच. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन्ही रेघा नीट पाहिल्या आणि खिशातून आपलाही एक घडी केलेला कागद काढला. त्यावरही दोन रेघा.

"तुम्ही म्हनला म्हनून फौजी दवाखान्यात जाऊन आलो," म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं ढोलाशेजारी हुबा ऱ्हायलेला मानूस मी. मला वाटलं, आपलंच गेलं. दोन रात्री झोप न्हाई. डाक्टर म्हनला, सुभेदारसाब, कान एकदम फिट."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले आणि म्हणाले, "कामाचं बोला, म्याडम. बारा दिवसांत गाडी हाय."

मग मला सुचलं. त्यांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, डोळे मिटा आणि फक्त ऐका. दिलीपला त्यांच्या शेजारी बसवलं. अ‍ॅम्प चालू केला, आवाज मोठा ठेवला आणि पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हवर अलगद टिचकी मारत गेले. चांगला व्हॉल्व्ह टिचकीला नुसता ठप् करतो. आतली तार सैल असली तर घंटेसारखा वाजतो. मला दोन्ही सारखेच, म्हणजे काहीच नाही. मी व्हॉल्व्हकडे बघतच नव्हते. सुभेदारांच्या भुवयांकडे बघत होते.

मोठे चारही ठीक. तिसरा लहान ठीक, चौथा ठीक. पहिल्यावर टिचकी मारली आणि त्यांची भुवई वर गेली, त्याच क्षणी दिलीपनं मान मागे घेतली. दुसऱ्यावर मारली, तसंच.

"पैला ई फ्लॅटच्या सुराला वाजतोय," सुभेदार डोळे मिटूनच म्हणाले. "दुसरा त्याच्या जरा वर."

पहिला आणि दुसरा, दोन्ही माझे. माझ्या डब्यातले, 'ऐकून पास'. त्यांचे मूळचे दोन काढून मी बाजूला ठेवले होते. ते लावून पाहिले. पहिला वाजला, सुभेदारांची पहिली तक्रार खरीच होती. दुसरा मुका, उत्तम. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

मग तो सबंध डबाच पुढ्यात घेतला. एक्केचाळीस व्हॉल्व्ह. एकेक सॉकेटमध्ये लावायचा, तापू द्यायचा, टिचकी मारायची, भुवई बघायची. तीन तास लागले. सुभेदार हलले नाहीत, चहाही डोळे मिटूनच प्यायले. एकोणीस व्हॉल्व्ह वाजणारे निघाले. आपलंच नाणं खोटं. दोन वर्षं याच डब्यातून मी लोकांना देत आलेय.

मुका बघून एक त्यांच्या अ‍ॅम्पमध्ये बसवला. कॉर्नेटची रेकॉर्ड लावली. सुभेदार शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि डोळे पुसून म्हणाले, "न्हाई. टिंग न्हाई."

मला काय ऐकू आलं ते विचारू नका. पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

६ डिसेंबर

वहीतून नावं काढली. दोन वर्षांत त्या डब्यातले व्हॉल्व्ह चौदा जणांकडे गेलेत. अनिश म्हणाला, "आई, कुणाला काही सांगू नकोस, प्लीज. ज्याला प्रॉब्लेम असेल तो येईल ना." म्हणजे ज्याचे कान चांगले त्याला न्याय, बाकीच्यांनी टिंग ऐकत बसावं?

चौदाही जणांना फोन केला. पहिला वसंत कुंजच्या त्या गृहस्थांना. म्हटलं, आप सही थे, मैं गलत थी, मेरा कान ख़राब है, ट्यूब बदल देती हूँ.   ते म्हणाले, "मैडम, मेरी वाइफ़ कहती थी कि मुझे वहम है."

त्या घरातही भांडण मीच लावलं होतं तर.

१० डिसेंबर

चौदांपैकी नऊ जण आले. ज्यानं त्यानं आपल्या अ‍ॅम्पसमोर बसायचं नि ऐकायचं, मी टिचकी मारायची. लोकांना हे आवडतं असं दिसलं. एक जण तर आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन आला, तिचे कान तिखट म्हणून. दोघांनी मात्र तोंडावर सांगितलं की यापुढे दुसरीकडे जाऊ. जा म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. रात्री जेवण गेलं नाही.

यंत्र आलं. कानात घातलं तर दिलीपचं चावणं ऐकू येतं. अजून सवय नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सुभेदार नि कृष्णाबाई गेले. आम्ही स्टेशनवर गेलो होतो. अ‍ॅम्प गोधडीत गुंडाळून कृष्णाबाईंनी स्वतःच्या सीटखाली ठेवला होता आणि हमालाला हात लावू देत नव्हत्या. मला म्हणाल्या, "लय बोलला होता तुम्ही ह्यांना." मी हो म्हटलं. "पर फोन केला. आमच्यात कुनी करत न्हाई." एवढं बोलून खिडकी लावून घेतली.

१९ डिसेंबर

पुठ्ठ्याची पाटी केली आणि खाली जिन्याच्या तोंडाशी लावली. मुनिरक्यात मराठी कोण वाचणार, म्हणून हिंदीत:

"यहाँ वाल्व एम्पलीफायर ठीक होते हैं। बनाने वाली को कम सुनाई देता है। सुनना आपका काम, बनाना मेरा।"

अनिशला दिलीपनं फोटो पाठवला. लगेच फोन. "आई, असं कोणी लिहितं का? कोण येणार आता?"

म्हटलं, ज्याला यायचंय तो येईल, आणि डोळे उघडे ठेवून येईल. आणि तू म्हणशील की मी प्रॉमिस केलं होतं, तर मी फोन ठेवला होता, माझ्या वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे.

दिवसभरात चार जण पाटी वाचून हसून पुढे गेले. बाल्कनीतून सगळं दिसत होतं. एकानं फोटोही काढला. पाच वाजता एक मुलगी आली, इथेच भाड्यानं राहणारी, मैत्रेयी नाव, नाशिकची, युनिव्हर्सिटीत शिकते. हातात आजोबांचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ. म्हणाली, "काकू, यातून विचित्र आवाज येतो. कसा ते मला सांगताच येत नाही."

मी तिला खुर्ची दिली आणि पेन्सिल उचलली.

"सांगू नकोस. बस, डोळे मीट."